न हललेला चौकोन

अंधारात भुतं दिसतात असं म्हणणाऱ्यांनी आयुष्यात कधी डार्करूममध्ये काम केलेलं नसतं. मी केलंय. अर्धं आयुष्य लाल दिव्याखाली काढलंय, रसायनांच्या आंबूस वासात, नळाच्या टपटपीत, ट्रेमधल्या पाण्यातून एकेक चेहरा वर येताना बघत. त्यातले कितीतरी चेहरे मेलेल्या माणसांचे होते. एकाने कधी डोळा मिचकावला नाही. तेव्हा तो दिवा हवा तर जवळ ओढून घे, पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. मी जे बघितलं ते भर दुपारी, ट्यूबलाइटखाली बघितलं. हातात कात्री होती आणि मी पासपोर्ट फोटो कापत होते.

आमचं दुकान अरुंद गल्लीत आहे. समोर गोदामाची भिंत एवढी उंच की ऊन पायरीपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. त्या दिवशी तर तेही नव्हतं. आभाळ राखेसारखं, हवा कोंदट. पलीकडच्या टेबलावर भाची कॉम्प्युटरशी भांडत होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ती. कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन मोठी नोकरी केली, ती सोडली आणि माझ्याकडे आली. का सोडली ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आमच्या घरात अशी सभ्यता आहे.

मी स्वतः शाळेत फार गेलेली नाही. मला जे येतं ते बघून, चुकून आणि भांडून आलेलं आहे. निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या पुसायला मी अशीच शिकले. मेलेल्या माणसाच्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायलाही. तोंड वाकडं करू नकोस. पूर्वी घरातलं माणूस गेल्यावर लोकांना आठवायचं की याचा फोटो काढायचा राहिलाच. मग आम्हाला बोलावणं यायचं. माझ्या हातचे डोळे अजून कितीतरी भिंतींवर उघडे आहेत आणि नातवंडं म्हणतात, आजोबांची नजर काय करारी होती!

पुढे माझा हात थरथरायला लागला. फोटोग्राफरचा हात थरथरणं म्हणजे गवयाचा गळा बसणं. मी काढलेला प्रत्येक फोटो हललेला. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलायचं नाही, पण पुन्हा यायचंही नाही. तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, हललेले फोटो सरळ करायला आपण यंत्राला शिकवू."

"मला कोणी शिकवलं नाही," मी म्हटलं, "आणि आता मी यंत्राची मास्तरीण होऊ?"

झाले. माझ्या दुकानातले जन्मभराचे चांगले फोटो तिने कॉम्प्युटरमध्ये भरले. मग प्रत्येक फोटो मुद्दाम बिघडवला, म्हणजे हात हलल्यावर जसा फरफटतो तसा फरफटवला. आणि यंत्राला दोन्ही दाखवले. हा बिघडलेला, हा मूळचा. आता बिघडलेल्यावरून मूळचा करून दाखव. चुकलं? पुन्हा. चुकलं? पुन्हा. ही पद्धत मला चटकन पटली, कारण मीही तशीच घडले आहे.

आमचा कॉम्प्युटर म्हातारा, माझ्यासारखाच. अख्खा फोटो एकदम दिला की त्याला धाप लागायची. त्यावर भाचीने तोड काढली. फोटोचे बारीक चौकोन करायचे आणि आधी प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा, तू हललायस का? हलला असेल त्यानेच आत जायचं, दुरुस्तीला. जो मुळातच स्पष्ट आहे त्याला बाहेरच्या बाहेर सोडायचं. काम सुरू होण्याआधी पडद्यावर एक नकाशा उमटायचा. हललेले चौकोन पांढरे, न हललेले काळे. मला त्या नकाशाचा नाद लागला होता. धावणारं मूल असलं की मूल पांढरं, भिंत काळी. हात हलला असला की सगळंच्या सगळं पांढरं, कारण कॅमेराच हलल्यावर स्थिर राहणार कोण?

तर त्या दुपारी क्रेनवाला आला.

मालधक्क्यावर मोठी क्रेन चालवणारा माणूस. दारात मावेना एवढा आडवा, पण बोलणं मांजरीच्या पावलांसारखं. मी कोणालाच अहोजाहो करत नाही, त्यालाही केलं नाही.

"बस. पासपोर्ट की लग्नाचा?"

"माझ्या बायकोचा आहे, बाई." त्याने मोबाइल काउंटरवर अलगद ठेवला. "मुलीला तिची आई बघायचीय."

आमच्या धंद्यात अशी वाक्यं ऐकली की हातातलं काम खाली ठेवायचं असतं. मी कात्री ठेवली.

बायको बाळंतपणातच गेली होती, मुलगी दोन दिवसांची असताना. मुलगी आता सात वर्षांची. दोघांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, कचेरीत सह्या करून लग्न केलेलं, त्यामुळे लग्नाचे फोटो नाहीत. माहेरच्यांनी दार लावून घेतलं ते कायमचं. तिचा मोबाइल पाण्यात पडून गेला. ओळखपत्रावर तिचं तोंड होतं, पण नेमकं शिक्क्याखाली.

"आणि खरं सांगू?" तो खाली बघत म्हणाला, "मलाही आता नीट आठवत नाही. डोळे मिटले की तिचा आवाज येतो, पण तोंड येत नाही. मुंगी विचारते, बाबा, आई कशी दिसायची? मी म्हणतो, छान. छान म्हणजे कशी? मी गप्प."

मुलीला तो मुंगी म्हणायचा. का, तर चालताना आवाज होत नाही तिचा.

राहिलेला एकच फोटो त्याने आपल्या बहिणीला पाठवलेला, म्हणून वाचलेला. इस्पितळातला. खाटेवर बायको, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आणि सगळंच्या सगळं फरफटलेलं. खाटेचे गज म्हणजे नुसत्या रेघा. बाईचं तोंड म्हणजे पिवळट पट्टा, त्यात खाली एक पांढरी रेघ.

"हसतेय ती," क्रेनवाला म्हणाला. "दात दिसतायत बघा."

"काढला कोणी?"

"मीच."

"तू? तुझा हात हलला?"

तो ओशाळला. "तेच मला कळत नाही, बाई. मी टनावारी माल खाली ठेवतो तो अंडं ठेवल्यासारखा. माझा हात हलत नाही. त्या दिवशी कसा हलला... आनंदाने असेल."

"आनंदाने असेल," मी म्हटलं. "जा. तुझ्या मुलीला आई देते मी."

असा शब्द मी उठसूट देत नाही. पण दिला.

तो गेल्यावर भाचीने फोटो यंत्रात घातला. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरायला लागला. पडद्यावर नकाशा उमटला. सगळा पांढरा, अपेक्षेप्रमाणे. फक्त मधोमध एक चौकोन काळा होता.

"हे काय गं?" मी म्हटलं. "कुठे काय अडकलंय?"

भाचीने तो चौकोन मोठा केला. बाळाचं तोंड होतं ते.

मोबाइलवर फोटो एवढासा दिसतो, म्हणून आधी ध्यानात आलं नव्हतं. दुपटं फरफटलेलं. आईचा हात फरफटलेला. आणि दुपट्याच्या मधोमध ते तोंड... स्पष्ट. एकेक पापणी मोजून घ्यावी असं. दोन दिवसांचं बाळ, ज्याला स्वतःचं नाक कुठे आहे ते कळत नाही, ते सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघत होतं.

"योगायोग," भाची म्हणाली. "बाबाचा हात ज्या बाजूला गेला, त्याच वेळी, तेवढ्याच वेगाने बाळाने मान वळवली असणार. दोघं बरोबरीने हलले की एकमेकांना स्थिर दिसतात. शेजारून जाणाऱ्या गाडीसारखं."

"दोन दिवसांचं पोर मान वळवतं?"

"मावशी, तू पण ना! हात पोचत नाही तिथे भुतं बघतेस."

"मी भुतं बघत नाही. मी फोटो बघते. या बाळाचं तोंड वळलेलं नाही, ते तसंच्या तसं सरकलंय. हाताबरोबर. हात थरथरला तसं थरथरलंय."

 भाचीने दुरुस्ती सुरू केली. बाळाचा चौकोन बाहेरच्या बाहेर सोडला गेला आणि बाकीचे एकामागून एक आत जाऊ लागले.

हे बघायला मला एरवी फार आवडतं. धुक्यातून गाव वर यावं तसा फोटो वर येतो. आधी खाटेचे गज सरळ झाले. सलाइनची बाटली आली, तिच्यात खिडकीचा उजेड आला. पडद्याच्या चुण्या आल्या. दुपट्याचे काठ आले. बाईचे केस आले, कपाळाला चिकटलेले. मग तोंड.

भाचीने खुर्ची मागे सरकवली. खुर्चीचा पाय फरशीवर घासला तो आवाज मला अजून आठवतो.

ती बाई हसत नव्हती.

पांढरी रेघ म्हणजे दातच होते, पण तोंड असं वासलेलं की हिरड्या दिसाव्यात. भुवया कपाळात चढलेल्या. मानेच्या शिरा दोरीसारख्या. डोळे बाळावर. आणि हात... आम्हाला वाटलं होतं ती बाळाला जवळ धरून आहे. ती त्याला दूर लोटत होती. दोन्ही तळवे दुपट्यावर, बोटं ताठ, कोपरं सरळ होत आलेली. बाळंतिणीच्या अंगात असतो नसतो तेवढा जीव लावून ती ते गाठोडं आपल्या अंगावरून दूर करत होती.

आणि गाठोड्यातून ते तोंड आमच्याकडे बघत होतं. शांत.

गल्लीत कुणीतरी शटर ओढलं. त्या आवाजाने दोघी दचकलो.

"बनवलंय ते," भाची घाईघाईने म्हणाली. "मावशी, ऐक. यंत्राला त्या बाईचं तोंड माहीत नाही. जिथे माहिती पुसली गेलीय तिथे ते अंदाजाने भरतं. जे पूर्वी बघितलंय त्यातलंच जुळवून भरतं. ही खरी बाई नाही. हा अंदाज आहे."

"पूर्वी कुठे बघितलंय?"

"तुझ्या फोटोंमधलं."

"माझ्या." मी उठून तिच्या शेजारी गेले. "माझ्या दुकानात लोक तोंड धुऊन, केस विंचरून येतात. नवरा-नवरी येतात. शाळेची पोरं येतात. एखादं पोर रडतं, ते गप्प झाल्याशिवाय मी बटण दाबत नाही. मी जन्मात घाबरलेल्या माणसाचा फोटो काढलेला नाही. तू यंत्राला माझे फोटो सोडून दुसरं काही खायला घातलंस?"

"नाही."

"मग हे तोंड त्याने कुठून आणलं?"

 तिचं शिक्षण मोठं आहे आणि मी त्याची कधी चेष्टा केलेली नाही. तिच्याकडे उत्तर असतं तर तिने दिलं असतं. तिने पुन्हा चालवलं. तेच तोंड. फोटो उलटा करून चालवलं, अंधूक करून चालवलं. तेच. मग ती हळूच म्हणाली, "बाळाचा चौकोन वगळलाय ना... बळजबरीने तोही आत पाठवू? बघू काय होतं."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

ती 'का' म्हणाली खरी, पण तिचा हात आधीच माउसवरून मागे आला होता.

मी क्रेनवाल्याला निरोप पाठवला. काम चाललंय, पण नाकाडोळ्यांचा मेळ घालायला मुलगी बघायला हवी, घेऊन ये. थाप नव्हती ती अगदीच. मुलीत आई शोधणं ही आमची जुनी रीत आहे.

दुसऱ्या दिवशी तो आला, शाळेच्या गणवेशातल्या मुलीचं बोट धरून. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, दप्तराचा एक पट्टा लोंबणारा. चारचौघींसारखी पोर. मला बघून म्हणाली, "आजी, तुमच्या दुकानात आंबट वास येतो." खरं बोलणारं माणूस मला आवडतं. मी तिला स्टुलावर बसवलं.

"हिचे फोटो नेहमी झकास येतात बघा," बाप कौतुकाने म्हणाला. "शाळेत वर्गाचा फोटो काढला, अख्खा वर्ग हलला. हिचा तेवढा नाही. मास्तर म्हणाले, शिस्त असावी तर अशी!"

मी कॅमेरा घेतला. माझा हात हलायला मला काही करावं लागत नाही, पण त्या दिवशी मी मुद्दाम केलं. कॅमेऱ्यातला पडदा सावकाश उघडमीट करेल असं लावलं आणि बटण दाबताना कॅमेरा बाजूला नेला. मग वर. मग पाण्यात भोवरा फिरावा तसा गोल. भाची कॉम्प्युटरजवळ उभी होती, तिच्याकडे एकेक फोटो जात होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नकाराची नव्हे.

मी जाऊन बघितलं. भिंत फरफटलेली. स्टूल फरफटलेलं. गणवेशसुद्धा फरफटलेला, दप्तराचा पट्टा म्हणजे नुसती रेघ. आणि वर ते तोंड, जसंच्या तसं. गोल फिरवलेल्या फोटोत सगळी खोली भोवऱ्यासारखी फिरत होती, आणि भोवऱ्याच्या एका बाजूला, मधोमध नव्हे, एका बाजूला, ते तोंड स्वच्छ होतं. मी वळून खऱ्या मुलीकडे बघितलं तेव्हा ती स्टुलावर पाय हलवत होती. पोरं हलवतात तसे.

"मुंगे, जा, त्या फोटो लावलेल्या भिंतीकडे बघ जरा. आवडेल तो सांग मला," मी म्हटलं. ती गेली. चालण्याचा आवाज झाला नाही.

मी बापाला जवळ बोलावलं. "लेका, तो फोटो काढलास तेव्हा काय झालं होतं? जसं झालं तसं सांग. चेहरा घडवायचा तर मला ते लागतं."

त्याने घसा खाकरला. "काही नाही हो. मी मोबाइल घेऊन उभा होतो. ती म्हणाली, घे हिला. मी म्हटलं, थांब, एक फोटो काढतो, मग घेतो. ती म्हणाली, फोटो नको काढू, आधी हिला घे. आधी हिला घे माझ्याकडून." तो हसला. "थट्टा करायची ती अशी. दमली असेल, हात भरून आले असतील. मी म्हटलं, एकच. आणि काढला. मग घेतलं बाळाला."

"मग?"

"मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ. असं होतं म्हणाले कधी कधी." तो काउंटरवरची धूळ बोटाने पुसत राहिला. "तेवढंच आहे, बाई. माझ्या लक्षात तेवढंच आहे की ती हसत होती. त्याच्यावर सात वर्षं काढली मी. हसत होती ना? तुम्हाला दिसलं असेल आता."

भाचीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे म्हणत होते, सांगू नकोस. मला शिकवायची गरज नव्हती.

"हसतेय," मी म्हटलं. "दोन दिवसांत ये."

तू मनात म्हणशील, म्हातारीने खोटं सांगितलं. सांगितलं. शंभर वेळा सांगेन. त्या माणसाने बायको बाळ घे म्हणत असताना आधी फोटो काढला होता, आणि आता मी त्याला दाखवू की ती कशासाठी घे म्हणत होती? मी मेलेल्यांना डोळे दिलेत. एका मेलेलीला हसू द्यायला माझी ना नव्हती.

यंत्राला मी त्यात घेतलं नाही. चेहरा पडद्यावर मोठा केला आणि एकेक ठिपका हाताने भरत बसले. थरथरत्या हाताने अशी कामं होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन बघावं. भुवया खाली आणल्या. मानेच्या शिरा झोपवल्या. ओठ मिटवले, मग थोडे उघडले. क्रेनवाल्याने आणून दिलेल्या ओळखपत्रावर शिक्क्याखालून हनुवटीचा कोपरा दिसत होता, त्यावरून जिवणीची ठेवण घेतली. बोटं वाकवली, तळवे दुपट्याच्या खाली नेले. आता ती लोटत नव्हती, धरून होती. भाची मध्ये मध्ये येऊन उभी राहायची आणि न बोलता जायची.

एकदाच म्हणाली, "बाळाचे डोळे मिटव ना, मावशी. झोपलेलं दाखव."

मी प्रयत्न केला. आयुष्यभर मिटलेले डोळे उघडणारी बाई मी, दोन उघडे डोळे मिटायला बसले. पापण्या काढल्या. चांगल्या काढल्या. जेवून आले तर फोटोत डोळे उघडे होते. कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायचं राहिलं असेल, म्हणून पुन्हा काढल्या, आणि या वेळी भाचीला जपून ठेवायला लावलं. तिने ठेवलं, मी बघितलं. फोटो बंद करून उघडला. उघडे.

त्यानंतर मी त्या चौकोनाला हात लावला नाही.

क्रेनवाला आला तो ठरल्याप्रमाणे मुंगीला घेऊन. बाहेर झाकोळलेलं. गल्लीतले दिवे कुणी दुपारीच लावून ठेवले होते. मी फोटो चौकटीत बसवून तयार ठेवला होता. त्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या त्या दगडासारख्या हातांत चौकट थडथडायला लागली.

"हीच," तो म्हणाला. "हीच हो. अशीच हसायची." मग त्याने बाहीने नाक पुसलं. "मुंगे, बघ. आई बघ."

मुंगीने टाचा उंचावून बघितलं. खूप वेळ. मग बापाकडे बघून म्हणाली, "छान आहे."

"छान आहे ना?" त्याला केवढा आनंद झाला! "थांब, आत्याला सांगतो." आणि फोन कानाला लावून तो पायरीवर गेला. काचेच्या दाराबाहेर त्याची पाठ दिसत होती. चौकट काउंटरवर होती. भाची आत डार्करूममध्ये काहीतरी ठेवत होती, किंवा ठेवल्यासारखं करत होती.

मुंगी काउंटरवर हनुवटी टेकून उभी राहिली.

"आजी."

"काय गं?"

"हे तोंड तुम्ही काढलंय."

  तिने बोट काचेवर ठेवलं, बरोबर आईच्या ओठांवर.

"आई अशी नव्हती," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "अशी होती."

आणि तिने ते तोंड केलं.

पोरं वेडावून दाखवतात तसं नव्हे ते. त्या एवढ्याशा तोंडावर एका मोठ्या बाईचं तोंड आलं. भुवया कपाळात चढल्या. ओठ हिरड्यांवरून मागे गेले. कोवळ्या मानेवर दोरीसारख्या शिरा उठल्या. जे तोंड मी ठिपक्याठिपक्याने पुसलं होतं, जे या जगात मी आणि भाची सोडून कुणी बघितलं नव्हतं, ते ठिपक्याठिपक्याने तसंच्या तसं... वरचा एक दात किंचित आडवा होता, तोसुद्धा. आणि त्या सगळ्या भीतीमध्ये तिचे स्वतःचे डोळे तसेच होते. शांत. माझ्याकडे बघत.

मग तिने ते तोंड उतरवलं. टोपी उतरवावी तसं.

"बाबा हलले," ती म्हणाली. "आई पण हलली. मी नाही हलले."

 "तो फोटो मी पुसून टाकलाय," मी म्हटलं. 

"नाही पुसला."

नव्हता पुसला. कामातला कुठलाच फोटो पुसायचा नाही हा माझ्याच दुकानाचा नियम आहे आणि यंत्राने काढलेला तो फोटो कॉम्प्युटरमध्ये तसाच होता. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बाबांना हा राहू दे," ती म्हणाली. वडीलधारं माणूस समजूत घालतं तशा सुरात म्हणाली. "त्यांना आवडला. तो तुमच्याकडे राहू दे. मी येईन अधूनमधून बघायला."

"मुंगे! चल गं!" बाहेरून बापाची हाक आली.

तिने दप्तराचा लोंबणारा पट्टा खांद्यावर चढवला.

"आले, बाबा!" ती ओरडली. हा आवाज मात्र सात वर्षांच्या मुलीचा होता.